संचालकाला एनसीएलटीतून हटवताना: अर्जाआधी, सुनावणीत आणि आदेशानंतर

एका संचालकाने कंपनीचा विश्वासघात केला आहे, कागद हातात आहेत, आता त्याला न्यायालयातून काढायचे आहे, एवढे मनाशी पक्के करून भागधारक येतात. पहिल्याच बैठकीत आम्ही जे विचारतो ते बहुतेकांना खटकते: मग सभा बोलावून त्याला का काढत नाही? अशा फायली आम्ही दोन्ही बाजूंनी हाताळल्या आहेत, आणि या एका प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत असेल तर पुढचा सगळा अर्ज गुळमुळीत होतो.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १६९ प्रमाणे संचालकाला साध्या बहुमताच्या ठरावाने हटवता येते. कारण सिद्ध करावे लागत नाही. किमान एक टक्का मतदानशक्ती असलेल्या सभासदाने सभेच्या निदान १४ दिवस आधी विशेष नोटीस द्यायची, कंपनीने तिची प्रत त्या संचालकाला पाठवायची, त्याला लेखी म्हणणे मांडू द्यायचे, सभेत बोलू द्यायचे आणि मग मतदान घ्यायचे. बहुमत असेल तर हे दीड-दोन महिन्यांत आटोपते. बहुमत असूनही जो कंपनी कायदा न्यायाधिकरणात (एनसीएलटी) जातो, त्याला तिथे पहिल्याच दिवशी ‘सभा घ्या’ असे ऐकावे लागते.

सभेचा रस्ता खरोखर बंद असतो तो तीन-चार ठरावीक परिस्थितींत. शेअर निम्मे-निम्मे असतील तर बरोबरीच्या मतांवर ठराव पडतो. बहुमत त्या संचालकाच्याच घरात असेल तर प्रश्नच मिटला. तिसरी अडचण गणपूर्तीची, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीची आहे आणि ती फसवी आहे. दहा टक्के मतदानभांडवल असलेले सभासद कलम १०० खाली विशेष सभेची मागणी करतात; संचालक मंडळाने २१ दिवसांत हालचाल करून ४५ दिवसांच्या आत सभा घ्यायची असते, ती घेतली नाही तर मागणीदार स्वतः तीन महिन्यांच्या आत सभा बोलावतात. पण मागणीवरून बोलावलेल्या सभेत अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर ती पुढे ढकलली जात नाही, रद्द होते. खासगी कंपनीत किमान दोन सभासद प्रत्यक्ष हजर लागतात. दोनच सभासद असलेल्या कंपनीत समोरच्याने घरी बसायचे ठरवले की तुमची सभा संपली. यावर कलम ९८ आहे: न्यायाधिकरण स्वतः सभा घ्यायला सांगू शकते आणि एका सभासदाची हजेरीही सभा मानावी असा निर्देश देऊ शकते. मतांचे बळ आहे, अडले फक्त गणपूर्तीमुळे, अशी स्थिती असेल तर हा छोटा अर्ज करावा. दडपशाहीचा मोठा अर्ज करू नये.

हे सगळे पाहून झाल्यावर कलम २४१ आणि २४२, म्हणजे दडपशाही आणि गैरकारभाराविरुद्धचा तो मोठा अर्ज. दिवाणी न्यायालयाचे दार कलम ४३० ने या विषयापुरते बंद केलेले आहे. लोक ‘कोर्ट’ म्हणतात ते इथे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, म्हणजे एनसीएलटी. १ जून २०१६ पासून कंपनी लॉ बोर्डाच्या जागी ते काम करते, आणि कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय ज्या खंडपीठाच्या हद्दीत आहे तिथेच अर्ज करावा लागतो. कारखाना कुठे आहे, संचालक कुठे राहतो, याला महत्त्व नाही.

अर्ज कोण करू शकतो हे कलम २४४ सांगते, आणि ते नीट न वाचल्यामुळे फायली पहिल्याच पायरीवर पडलेल्या आहेत. भागभांडवल असलेल्या कंपनीत १०० सभासद किंवा एकूण सभासदसंख्येच्या एक दशांश, यातला कमी आकडा; अथवा जारी भागभांडवलाच्या एक दशांश हिस्सा. कसोट्या दोन आहेत आणि मध्ये ‘किंवा’ आहे. आठ सभासदांच्या कंपनीत चार टक्केवालाही एकटा संख्येच्या कसोटीवर बसतो. उलट टक्केवारीच्या कसोटीत ‘जारी भागभांडवल’ हा शब्द आहे आणि त्यात प्रेफरन्स शेअरही (लाभांशात अग्रहक्काचे, सहसा मत नसलेले शेअर) मोजले जातात. टाटा सन्सच्या प्रकरणात अर्जदारांकडे १८ टक्क्यांहून जास्त इक्विटी होती, तरी प्रेफरन्स भांडवल धरल्यावर हिस्सा २.१७ टक्क्यांवर आला आणि अर्ज पात्रतेवरच अडकला. सप्टेंबर २०१७ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने सूट दिली तेव्हा तो पुढे सरकला. अशी सूट मागायची असेल तर तो अर्ज मूळ अर्जासोबतच लावावा. शेअरवरचे कॉल (उरलेल्या रकमेची मागणी) थकलेले नाहीत ना आणि सहअर्जदारांची लेखी संमती आहे ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

आता मुख्य गोष्ट. संचालकाची कर्तव्ये कलम १६६ मध्ये आहेत: नियमावलीप्रमाणे वागणे, सद्भावनेने कंपनीचे हित पाहणे, योग्य काळजी, कौशल्य आणि स्वतंत्र निर्णयबुद्धी वापरणे, हितसंबंधांचा संघर्ष टाळणे, स्वतःला किंवा नातेवाइकांना गैरवाजवी फायदा करून न देणे, पद दुसऱ्याला न सोपवणे. गैरवाजवी फायदा घेतला तर तेवढी रक्कम कंपनीला भरावी लागते. भंगासाठी एक ते पाच लाख रुपये दंड आहे. पण कलम १६६ चा भंग दाखवला म्हणून न्यायाधिकरण आपोआप संचालकाला हटवत नाही. कलम २४२(१) वेगळे विचारते. कंपनीचा कारभार कंपनीला, सभासदांना किंवा सार्वजनिक हिताला बाधक किंवा दडपशाहीचा होतो आहे का? आणि तो इतका बिघडला आहे का, की न्याय्य कारणावरून कंपनी गुंडाळणे योग्य ठरले असते, फक्त गुंडाळल्याने सभासदांचेच नुकसान होईल म्हणून तसे करायचे नाही? म्हणजे न्यायाधिकरण संचालकाला शिक्षा करायला बसलेले नसते. कंपनीतली एक चालू स्थिती संपवायला बसलेले असते. अर्जातले प्रत्येक पान या चालू स्थितीच्या प्रश्नाला उत्तर देते की नाही हे तपासावे. ‘तो कसा माणूस आहे’ ही वाक्ये तेवढ्यानेच गळून पडतात आणि अर्ज निम्मा होतो.

दुसरा परिणाम असा, की एकच जुनी घटना पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये शांतिप्रसाद जैन विरुद्ध कलिंगा ट्यूब्ज या खटल्यात सांगितले ते आजही प्रत्येक सुनावणीत समोर ठेवले जाते: कृत्यांची मालिका हवी आणि ती अर्जाच्या तारखेपर्यंत चालू असलेली दिसली पाहिजे. शिवाय कलम ४३३ मुळे मुदतीचा कायदा लागू आहे. पाच वर्षांपूर्वीचा जमीनव्यवहार पहिल्या क्रमांकावर आणि या वर्षीची बिले परिशिष्टात, अशी मांडणी केली की प्रतिवादीचे वकील मुदतीवरच दोन तारखा काढतात. ताजे आधी, जुने नंतर आणि तेही पार्श्वभूमी म्हणून.

तोट्यात गेलेला निर्णय हा कर्तव्यभंग नव्हे. यंत्र चुकीचे घेतले, गिऱ्हाईक बुडाले, कर्ज महाग पडले, यावर संचालक हटत नाहीत. हटवण्यापर्यंत जातात ती कृत्ये जवळपास नेहमी तीन प्रकारची असतात: कंपनीचे काम किंवा पैसा स्वतःच्या दुसऱ्या संस्थेकडे वळवणे, बहुमत मिळवण्यासाठी स्वतःला किंवा घरच्यांना शेअर वाटणे, आणि खोटी इतिवृत्ते किंवा फॉर्म दाखल करणे. शेअरवाटपाबद्दल डेल अँड कॅरिंग्टन या प्रकरणात २००४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे: संचालकाने स्वतःच्या फायद्यासाठी केलेले वाटप विश्वस्ताच्या कर्तव्याचा भंग ठरवून रद्द झाले.

पुराव्याची जमवाजमव अर्जापेक्षा जास्त वेळ खाते. सभासदाला काय मिळते आणि काय मिळत नाही, याची वाटणी आधी समजून घ्यावी. सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते, सभासद नोंदवही, वार्षिक विवरणपत्रे सभासद पाहू शकतो. संचालक मंडळाची इतिवृत्ते पाहण्याचा अधिकार त्याला नाही. तो संचालकाचा आहे. हिशेबाची पुस्तके तपासण्याचा हक्कही कलम १२८ खाली संचालकाचाच. त्यामुळे अर्जदार स्वतः संचालक असेल तर त्याने पदावर असतानाच लेखी पत्र देऊन तपासणी मागावी. नाकारली तर तो नकारच पुरावा होतो. आणि हो, रात्री ऑफिसात जाऊन लॅपटॉप उचलून आणू नये. त्या एका प्रकाराने पुढचे सहा महिने चर्चा तुमच्याच वागण्यावर होते.

काम वळवल्याचा आरोप असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) पोर्टलवरून समोरच्या कंपनीची सार्वजनिक कागदपत्रे काढावीत: स्थापनेची तारीख, संचालक, नोंदणीकृत पत्ता, ईमेल. आपल्या कंपनीतले हितसंबंध जाहीर करण्याचे फॉर्म एमबीपी-१, संबंधित पक्षांशी केलेल्या व्यवहारांचा एओसी-२, ताळेबंदातली संबंधित पक्षांची टीप आणि लेखापरीक्षकाचा अहवाल हे चार कागद शेजारी ठेवले की काय लपवले ते बहुतेकदा तिथेच दिसते. मग एक तक्ता करावा: तारीख, गिऱ्हाईक, नेहमी जाणारा माल, तो बंद झाल्याचा महिना, त्याच महिन्यात समोरच्या संस्थेने काढलेले बिल किंवा ईमेल, आणि प्रत्येक ओळीपुढे परिशिष्टाचा पान क्रमांक. खंडपीठापुढे शंभर पानांच्या निवेदनापेक्षा असा दोन पानी तक्ता जास्त वाचला जातो. कार्यवाही प्रतिज्ञापत्रांवर चालते, साक्षीदारांची लांबलचक उलटतपासणी क्वचित होते. म्हणून कागदावर उभे राहतील असे पाच-सहा आरोप घ्यावेत. तीस आरोप केले की ‘तथ्यांचा गुंतागुंतीचा वाद’ असे म्हणायला समोरच्याला जागा मिळते.

ईमेल, व्हॉट्सॲप, टॅलीचा बॅकअप लावणार असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र जोडावे. १ जुलै २०२४ पासून हे प्रमाणपत्र दोन भागांत आहे. हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) लिहावी लागते आणि दुसरा भाग तज्ज्ञाने सही करायचा असतो. जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५बी चा नमुना चिकटवून दिलेली प्रमाणपत्रे अजूनही फायलीत सापडतात.

सगळ्यात लाजिरवाणी हार कुठे होते सांगतो. ज्या ताळेबंदात तो संबंधित पक्षाचा व्यवहार छापलेला आहे, त्यावर अर्जदार-संचालकाचीच सही असते. ती सही लपत नाही. ती का केली, काय सांगितले गेले होते, केव्हा कळले, हे अर्जातच तारखेनिशी लिहावे; उत्तराच्या प्रतिज्ञापत्रात ती समोर आली की अर्जदाराच्या प्रत्येक वाक्यावरचा विश्वास जातो.

आता मागण्या. अर्जाचा सर्वात कमी वेळ दिला जाणारा आणि सर्वात जास्त परिणाम करणारा हा भाग. कलम २४२(२) मध्ये मागण्यांची यादी आहे आणि (एच) हा खंड व्यवस्थापकीय संचालक, व्यवस्थापक किंवा कोणताही संचालक हटवण्याचा. बहुतेक अर्ज तिथेच थांबतात. पण हटवलेला संचालक भागधारक राहतोच. त्याचे शेअर, त्याची मते, त्याचा सभेत येण्याचा हक्क, काहीच जात नाही. त्याच्या गटाकडे बहुमत असेल तर पुढच्या सभेत तो स्वतःला परत निवडून आणू शकतो. लोक म्हणतात, पाच वर्षांची बंदी आहे ना? आहे, कलम २४३ मध्ये. पण ती ज्याचा कंपनीशी असलेला करार २४२ खालच्या आदेशाने संपवला किंवा रद्द केला त्याला लागते. ज्या संचालकाचा लेखी करारच नाही, ज्याला नुसते (एच) खाली हटवले, त्याला ही बंदी आपोआप लागते असे गृहीत धरू नये. म्हणून करार असेल तर (ई) खाली तो संपवण्याची मागणी वेगळी करावी. नसेल तर ठरावीक काळ पुनर्नियुक्तीस मनाई (एम) या सर्वसाधारण खंडाखाली स्पष्ट शब्दांत मागावी. कलम २४३ मुळे असा करार संपवल्याबद्दल त्या संचालकाला नुकसानभरपाईही मागता येत नाही, हा (ई) चा दुसरा उपयोग.

मग पैसा. (आय) खाली त्याने पदावर असताना मिळवलेला गैरवाजवी फायदा वसूल करण्याची मागणी करता येते. आकडा नसेल तर फॉरेन्सिक (गैरव्यवहार शोधणाऱ्या) लेखापरीक्षकाची नेमणूक मागावी. (जी) खालचे व्यवहार, म्हणजे मालमत्ता हस्तांतर, पेमेंट वगैरे, रद्द करायचे तर ते अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांतले असावे लागतात. अर्ज ‘जरा आणखी कागद येऊ द्या’ म्हणून रेंगाळतो आणि नेमका तो व्यवहार तीन महिन्यांच्या बाहेर जातो, हे वारंवार घडते.

शेवटी, कंपनी कोण चालवणार? खासगी कंपनीला किमान दोन संचालक लागतात आणि मंडळाची गणपूर्तीही किमान दोन. दोनपैकी एक हटला की उरलेल्याला मंडळाची सभाच घेता येत नाही. तो फक्त संचालकांची संख्या वाढवण्यासाठी किंवा सर्वसाधारण सभा बोलावण्यासाठी हालचाल करू शकतो. म्हणून (के) खाली न्यायाधिकरणाने संचालक नेमावा ही मागणी सोबत हवीच. असा संचालक कलम १६९ च्या ठरावाने काढता येत नाही आणि त्याला न्यायाधिकरणाला अहवाल द्यायला सांगता येते. नवा व्यवस्थापकीय संचालक कसा नेमायचा यासाठी (जे) आहे.

मागणीत नसलेले मिळेल या आशेवर राहू नये. सायरस मिस्त्री यांना २४ ऑक्टोबर २०१६ रोजी टाटा सन्सच्या कार्यकारी अध्यक्षपदावरून दूर केले गेले. डिसेंबर २०१९ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने त्यांना परत नेमले. २६ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश उलटवताना पुनर्नियुक्तीची मागणीच नव्हती हेही नोंदवले. पदावरून दूर करणे ही आपोआप दडपशाही होत नाही, हे त्या निकालाने पुन्हा पक्के केले. तेव्हा उलट बाजूच्या संचालकाने, मला सभेत काढले एवढ्यावर २४१ चा अर्ज करू नये.

अंतरिम आदेश कलम २४२(४) खाली. पहिल्या तारखेला संचालक हटत नाही; फार तर भागभांडवल, मंडळ आणि स्थावर मालमत्ता ‘जैसे थे’ ठेवण्याचा आदेश मिळतो. रागाच्या भरात बँक खाती गोठवून घेण्याची मागणी अर्जदार करतात. मिळाली तर पगार थांबतात, जीएसटी थकतो, आणि कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते एनपीए, म्हणजे थकीत कर्जाच्या वर्गात. आम्ही त्याऐवजी दोन सह्यांची अट, ठरावीक रकमेवरच्या पेमेंटची आगाऊ सूचना आणि ‘नेहमीच्या व्यवहारातील’ देणी वगळण्याचे शब्द मागतो. नव्या शेअरवाटपाला मनाई मात्र कधीच विसरू नये.

समोरून काय येते ते ठरलेले आहे. पात्रता, मुदत, लवादाचे कलम, आणि अर्जदार स्वतः स्पर्धक धंदा करतो हा आरोप. लवादाच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये राकेश मल्होत्रा प्रकरणात म्हटले आहे की दडपशाहीचा खरा वाद लवादाकडे जात नाही. पण लवाद टाळण्यासाठी तसे रूप दिलेला अर्ज जाऊ शकतो. अर्जात भागधारक कराराच्या भंगाचेच परिच्छेद जास्त असतील तर तो दुसऱ्या प्रकारात मोडण्याची भीती असते. याच काळात एमसीएच्या नोंदीत कंपनीपुढे ‘मॅनेजमेंट डिस्प्यूट’ असा शेरा लागावा म्हणून कंपनी रजिस्ट्रारला पत्र द्यावे. दुसऱ्या गटाने घाईने भरलेला संचालक बदलाचा फॉर्म डीआयआर-१२ त्यामुळे तपासणीत अडतो.

कलम ४२२ तीन महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायला सांगते. प्रत्यक्षात वर्षे जातात. मध्येच खंडपीठ दोन्ही गटांना एकमेकांचे शेअर विकत घ्यायला सुचवते आणि पुष्कळ प्रकरणे तिथे संपतात. हटवण्याची मागणी तेव्हा सौद्यातले वजन ठरते. अशा वेळी मूल्यांकनाची तारीख कोणती, हा खरा वाद. बाहेर वळवलेला नफा परत कंपनीत धरून मूल्य काढायचे, असे नोंदणीकृत मूल्यांककाच्या नेमणुकीच्या आदेशातच लिहून घ्यावे. नाहीतर कंपनी रिकामी करणारा तिचा रिकामा भावच देतो.

केंद्र सरकारचा रस्ता वेगळा. सार्वजनिक हिताला बाधा येते असे वाटल्यास सरकार २४१(२) खाली जाते. १ ऑक्टोबर २०१८ रोजी आयएल अँड एफएस या वित्त कंपनीचे मंडळ असेच बाजूला करून नवे नेमले गेले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर फसवणूक किंवा सातत्याने हलगर्जी करणारा संचालक ‘योग्य व्यक्ती’ नाही असे ठरले तर त्याला पाच वर्षे कोणत्याही कंपनीत पद घेता येत नाही. खासगी अर्जदाराला ही मागणी करता येत नाही.

आदेश आला की त्याच दिवशी प्रमाणित प्रतीचा अर्ज टाकावा. प्रत रजिस्ट्रारकडे ३० दिवसांत जावी लागते, फॉर्म आयएनसी-२८. संचालक बदलाचा डीआयआर-१२ ही ३० दिवसांतच. तो भरायला चालू डीएससी (डिजिटल सही) असलेला दुसरा संचालक लागतो, आणि पुष्कळदा त्याचा डीएससी संपलेला असतो किंवा डीआयएनची (संचालक ओळख क्रमांक) केवायसी राहिलेली असते. हे निकालाच्या आधीच दुरुस्त करून ठेवावे. अपिलाची मुदत आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवस, पुरेसे कारण असेल तर आणखी ४५, त्यापुढे नाही. त्या काळात स्थगिती येऊ शकते, म्हणून फॉर्म आणि बँक ही कामे आधी.

बँक नुसत्या आदेशावर सह्या बदलत नाही. मंडळाचा ठराव, नवीन सह्यांचे नमुने आणि एमसीएवर दिसणारी संचालकांची यादी, तिन्ही मागते. आयकर पोर्टलवर मुख्य संपर्क म्हणून हटवलेल्याचाच पॅन असतो, जीएसटी आणि भविष्य निर्वाह निधीच्या लॉगिनचा ओटीपी त्याच्या मोबाईलवर जातो, आणि कंपनीच्या ईमेलचे डोमेन पाच-सात वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कार्डावर घेतलेले असते. ही चारही ठिकाणे अर्जातच मागणी म्हणून लिहून ठेवली असतील तर आदेशात एक ओळ वाढते. नसतील तर त्यांच्यासाठी नवा अर्ज करावा लागतो.